होडीतला सातवा माणूस

मी आजवर हजारभर तरी वादळं काढली असतील, आणि एकाही वादळात माणूस नव्हता. हे माझं काही तत्त्व वगैरे नाही, सेठचा नियम होता. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा गाळा आहे. तिथं आम्ही हॉटेलांच्या खोल्यांसाठी चित्रं काढतो. पलंगाच्या वर जे लावलेलं असतं ना, जे पाहुणा कधी बघत नाही पण नसेल तर भिंत बोडकी दिसते, ते चित्र. सेठ म्हणायचा, "माणूस नको काढू. माणूस काढला की गिऱ्हाईक त्याचं तोंड बघतं, आणि तोंड बिघडलं की माल परत येतो." खरंच होतं ते. होडी वाकडी झाली तर लाटेवर आहे म्हणून खपून जाते. नाक वाकडं झालं की संपलं.

काम वाटून घेतलेलं होतं. बारा कॅनव्हास भिंतीशी ओळीनं उभे करायचे. आधी गाळ्यातले आमचे एक काका बाराही आकाशं एका दमात भरत जायचे. काका मालवणकडचे, वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर पोरानं हातात ब्रश धरला आणि आयुष्यभर ढगच काढले. आकाश वाळलं की पाणी माझं, आणि होड्याही माझ्याच. दोन जवळ, एक लांब. वादळातल्या होड्या हा आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल. झोपायला आलेल्या माणसाला डोक्यावर वादळ कशाला हवं असतं, कुणास ठाऊक. कधी कधी ढग डावीकडे पळायचे आणि होडीवरचा झेंडा उजवीकडे फडफडायचा, कारण ढग काकांचे आणि झेंडा माझा. कुणी कधी तक्रार केली नाही.

माझं मूळ गाव जालन्याकडचं. तिथं पाणी टँकरनं येतं. वडील नोकरीसाठी मुंबईला आले, दहिसरला चाळीत खोली घेतली, मी तिथंच वाढले. समुद्राशी संबंध म्हणजे वर्षातून एकदा जुहूला जाऊन पाय भिजवायचे आणि चपलेतून वाळू घरी आणायची. होडीत मी कधी बसले नाही, पोहता तर मुळीच येत नाही, आणि तरी कुठकुठल्या हॉटेलांना समुद्र पुरवत होते. आई म्हणायची, "एवढं पाणी काढतेस, त्यातलं थोडं गावाकडं पाठव की." विहारात बुद्धपौर्णिमेला रांगोळी काढायला मला बोलावतात, तिथंही एकदा सवयीनं कमळाच्या तळ्यात लाटा काढल्या होत्या. वाट लागली होती रांगोळीची.

तर तीनेक वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, मढचा एक म्हातारा कोळी गाळ्यात आला. सत्तरीचा असेल. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हाताची बोटं जाड आणि वाकलेली, छत्री बाहेर नीट झटकून आत आला. त्यांच्या घराजवळ एक बंगला आहे, तो शूटिंगला भाड्यानं देतात. तिथं कुठल्या तरी मालिकेसाठी आमचं चित्र लावलं होतं. म्हातारबाबा राखणदाराला मासळी द्यायला गेले आणि भिंतीवर वादळ बघून उभेच राहिले. चित्राच्या पाठीवर गाळ्याचा पत्ता चिकटवलेला असतो, तो उतरवून घेऊन थेट मरोळला.

"माझी होडी काढून पायजे," ते म्हणाले. "वादळातली."

मोबाईलवर फोटो दाखवला. होडी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेली, कारण पावसाळ्यात ते लोक समुद्रात जात नाहीत. ताडपत्रीचाच फोटो म्हणायचा तो. मग रंग तोंडी सांगितले: खाली तांबडा, वर हिरवा, मध्ये पिवळी पट्टी, मागं केबिन. होडी जुनी झाली होती, ह्या साली मोडायला काढली होती. नारळी पौर्णिमेला घरोघर होडीची पूजा होते, मग मासेमारी परत सुरू. ह्यांच्या घरी ह्या साली पूजेला होडी नसणार. म्हणून चित्र. "पौर्णिमेच्या आधी दे. चित्राचीच पूजा करू," म्हणाले. मला जरा गंमत वाटली. माझ्या चित्राला कुणी हळदकुंकू लावेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

सेठनं हो म्हटलं. हॉटेलांची कामं ढिली होती. काकांनी असं काळंकुट्ट आकाश भरलं की मीसुद्धा म्हटलं, झकास. मी पाणी काढलं, हिरवं, निळं, लाटांच्या टोकाला पांढरा फेस. मधोमध ती तांबडी-हिरवी होडी, नाक वर, शेपटी लाटेत. दोन आठवडे घातले त्यात. खरं सांगायचं तर इतकं मन लावून मी वर्षानुवर्षं काही काढलं नव्हतं.

म्हातारबाबा बघायला आले. चष्मा पुसला, लावला, जवळ गेले, लांब गेले. मी आपली कौतुकाची वाट बघत उभी.

"माणसं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"माणसं नसतात आमच्यात."

"नसतात? मग होडी कोन चालवतंय?"

"काका, चित्र आहे ते."

"चित्र हाय ते दिसतंय मना." त्यांचा आवाज चढला. "रिकामी होडी वादळात म्हणजे काय, ठाव हाय तुला? वादळ झालं की आमच्या बाया किनाऱ्याला उभ्या राहतात. लांबून होडी दिसली की पयली माणसं मोजतात. होडी नाय बघत, माणसं मोजतात. ही रिकामी होडी मी घरात नेऊ? हिची पूजा करू?"

माझं डोकंच फिरलं. दोन आठवड्यांचं काम. "मग आधी सांगायचं होतंत ना!"

"होडीत माणसं असतात, हे पन सांगायला लागतं?"

चूक माझी असली की मी जास्तच चिडते. ब्रश डब्यात आपटला. मागून आकाशवाले काका म्हणाले, "खराच आसा गो ता." सगळेच जण त्या दिवशी माझ्यावर उठले होते. त्यावर आणखी, निघता निघता म्हातारबाबा म्हणाले की पाण्याचा रंगही चुकलाय, वादळात आमच्याकडचं पाणी मातीचं दिसतं, हे असलं पाणी फक्त कॅलेंडरात. मी म्हटलं, चहाच्या रंगाचा समुद्र हॉटेलवाल्यांना चालत नाही. ते म्हणाले, माझं घर हॉटेल नाय.

पण दुसऱ्या दिवशी मी पाणी मातकट केलं. का केलं माहीत नाही. म्हातारा बरोबर बोलतोय हे कळत होतं, त्याचाच राग होता. आणि केल्यावर दिसलं की काकांच्या त्या काळ्या आकाशाखाली तेच पाणी शोभत होतं.

मग माणसं. एकूण सात काढायची होती. मला माणसं काढायची सवयच नाही, एवढ्या वर्षांत हात पार विसरला होता. पहिली दोन काढली ती विजेच्या खांबांसारखी ताठ. म्हातारबाबा आले, बघितली आणि म्हणाले, "हे काय बसची वाट बघतायत?" मग स्वतः गाळ्याच्या मध्ये उभे राहिले. गुडघे वाकवले, पाय फाकले, एका हातानं रंगांचं कपाट धरलं. "वादळात सरळ कोन उभं राहत नाय. प्रत्येकानं कायतरी धरलेलं असतं. ज्यानं धरलं नाय तो गेला." सत्तरीचा माणूस, पण तसा उभा राहिल्यावर मला एकदम कळलं की हा खरंच तिथं उभा होता. शेजारच्या गाळ्यात नळांना पॉलिश करायचं मशीन कर्कश ओरडत होतं आणि हे इथं डुलत होते.

एका दुपारीत त्यांनी सहा जण जागच्या जागी लावून दिले. दोघे डब्यानं पाणी उपसतायत. एक इंजिनाशी. एक केबिनच्या दारात, तो ओकत होता म्हणे, पण ते काढू नको. एक मागच्या दोराला लोंबकळलेला. आणि सुकाणूवर ते स्वतः, कारण ते तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. सहाही जणांबद्दल ते फटाफट बोलले. कुठला माणूस कसा उभा होता, कुणाच्या डोक्याला काय बांधलं होतं, सगळं.

"आणि सातवा?" मी विचारलं.

"तो माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

मग हळूहळू सांगितलं. वीसएक वर्षं झाली. पावसाळा संपला होता, दिवाळी तोंडावर होती, आणि अवेळी वादळ आलं. सात जण गेले, सहा आले. भाऊ मिळालाच नाही, नंतरही नाही. त्याचा धड फोटोसुद्धा नाही, लग्नातला होता तो ओल येऊन गेला. भावाची बायको त्याच घरात राहते. म्हातारबाबांची स्वतःची बायको वारली, पोरं नोकऱ्यांच्या मागं अंधेरी-बोरिवलीला गेली, त्या बाईची मुलगी लग्न होऊन वसईला. आता घरात हे दोघेच. ती त्यांना जेवायला वाढते. "तिला बघायला कायतरी पायजे," ते म्हणाले. "होडी मोडली की तेवढंपन राहणार नाय."

म्हणजे चित्र होडीचं नव्हतंच. मला कुणाच्या घरातलं इतकं ऐकायची हौस नसते, आपण बरं नि आपलं काम बरं. पण आता मला माहीत झालं होतं की हे चित्र ती बाई बघणार आणि त्यात ती फक्त एकाच माणसाला शोधणार.

"बरं, भाऊ कुठं उभा होता?"

"माझ्या बाजूला काढ. सुकाणूजवळ."

काढला. दोन दिवसांनी आले, बघितलं आणि मान हलवली. "नाय. पाणी उपसणाऱ्यांत काढ." मी पहिला खरवडला, तिथं लाट भरली, दुसरा काढला. परत चार दिवसांनी. मागं हात बांधून इतका वेळ उभे राहिले की सेठनंसुद्धा डोकावून बघितलं. "हापन नको," म्हणाले.

माझा पारा चढला. "काका, ठरवा ना एक काय ते! तेलरंग आहे हा. परत परत खरवडून कॅनव्हासचं पोतेरं होईल. तुम्ही होतात ना तिथं? बाकीच्यांच्या डोक्याचे रुमालसुद्धा आठवतात तुम्हाला, आणि सख्खा भाऊ कुठं होता ते आठवत नाही?"

"आठवतंय," ते म्हणाले. "आठवतंय म्हणून तर."

आकाशवाले काका शहाणे. चहा सांगून येतो म्हणाले आणि छत्री घेऊन बाहेर पडले. मी मात्र तिथंच अडकले, हातात ओला ब्रश.

म्हातारबाबा चित्राकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही. जाळ्याचा दोर होडीच्या पुढच्या टोकाला अडकला होता. दोर कापला असता तर सगळे सुटले असते, पण जाळं गेलं असतं. जाळं त्याच साली नवीन विणून घेतलेलं. "मी सुकाणूवर होतो. मी त्याला बोललो, जा, पुढं जा. कापू नको, सोडव. तो गेला. दोर सुटला पन. मग लाट आली." चष्मा काढून हातात धरला. "किनाऱ्याला आलो तर सगळी उभी. त्याची बायको मोजत होती. तिनं इचारलं, तो कुठाय? मी बोललो, मी नको नको म्हणत होतो, ऐकला नाय, आपनच पुढं गेला. असं तोंडातून निघून गेलं. मग परत घेता नाय आलं."

"आणि बाकीचे पाच?"

"वाऱ्यात कोनाला काय ऐकू येणार? सगळ्यांनी माझंच खरं मानलं. आता त्यातले तिघं नायत पन."

"भावाच्या बायकोला कधीच सांगितलं नाहीत? वीस वर्षांत?"

"रोज वाटतं आज सांगीन. ती भाकरी वाढते, शब्द तोंडाशी येतो. मग मी भाकरी खातो."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. वीस वर्षं खोटं खाऊन वर इस्त्रीचा शर्ट घालून फिरतोय, असंही मनात आलं. ते चेहऱ्यावर दिसलं असणार.

"पुढं काढ त्याला," ते म्हणाले. "दोराशी वाकलेला. पाठ आपल्याकडं. डावा खांदा जरा खाली, तो तसाच होता." मग त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलला आणि समोर सरळ लांबवला, बोट दाखवत. "आनि सुकाणूवरच्या माणसाचा हात असा काढ."

मला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा मी ब्रश खाली ठेवला.

"म्हणजे तुमच्याऐवजी मी सांगायचं? हे बरं आहे! तुमच्या घरातलं तुम्ही निस्तरा ना. मला कशाला मध्ये घालता?"

"तोंडानं जमत नाय, बाय." एवढंच म्हणाले. डोळे कोरडेच होते, पण मान अशी खाली घातली की मला पुढं भांडता येईना.

"उद्या घाबरून फोन केलात, हात खाली घे म्हणून, तर मी घेणार नाही. सांगून ठेवते."

"नको घेऊ."

भाऊ काढायला एक तासही लागला नाही. पाठमोरा माणूस सोपा. हातानं मात्र तीन दिवस खाल्ले. लांबवलेला हात कधी तोल सांभाळतोय असा दिसे, कधी हाक मारतोय असा. मला तर 'जा' म्हणणारा हात हवा होता. शेवटी आकाशवाल्या काकांना स्टुलावर बसवलं, समोर हात करून. दहा मिनिटांत कुरकुर सुरू. "माजो खांदो दुखता गो. खंय बोट दाखवतंय मी? मरोळ नाक्याक?" मी म्हटलं, गप्प बसा, हलू नका. काकांना मी काही सांगितलं नव्हतं. पण हात पुरा झाल्यावर ते माझ्यामागं येऊन उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्या बरा नाय केलंस." मग म्हणाले, "पण ऱ्हवांदे." राहू दे म्हणे. सेठ आला, त्यानं माणसं मोजली, कपाळाला हात लावला आणि केबिनमध्ये निघून गेला.

त्या आठवड्यात फोन वाजला की मला वाटायचं, आला. हात काढ म्हणणार. दहिसरहून मेट्रोत बसल्यावरही फोन हातातच ठेवायची. मी स्वतःला सांगत होते की मला काय त्याचं, गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं. पण खरं म्हणजे तो हात आता मला खाली घ्यायचा नव्हता. ती बाई मी कधी बघितली नव्हती, तरी तिचा विचार मनातून जात नव्हता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी फोन आला.

"हात हाय ना?"

"आहे."

"बरं. तूच घेऊन ये."

पावसाळ्यात वर्सोव्याची फेरीबोट बंद असते, म्हणून टेम्पोत चित्र घालून मालाडवरून लांबचा वळसा घेऊन मी मढला गेले. होडीत बसायचा योग परत हुकला. गावात गडबड होती. होड्यांवरच्या ताडपत्र्या निघाल्या होत्या, रंगाचे हात मारणं चालू होतं, कुणी झेंडे बांधत होतं. म्हातारबाबा रस्त्यावरच उभे होते, तोच इस्त्रीचा शर्ट. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी चित्र धरून घरात नेलं. फ्रेमचा कोपरा दाराला आपटू नये म्हणून ते उलट पावलांनी आत शिरले.

भावाची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. पंचावन्नची असेल, अंगानं भरलेली, आवाज बाजारात कमावलेला. "ये गो, बस. लांबून आलीस," म्हणाली आणि पाणी दिलं. मग चित्रावरचा कागद तिनं स्वतःच फाडला.

"पाण्याचा रंग बरोबर हाय," पहिलं हे म्हणाली. मला मूर्खासारखं बरं वाटलं.

मग ती वाकली आणि बोट लावून मोजायला लागली. एक, दोन. पाणी उपसणाऱ्यांची नावं घेतली. तीन, चार. केबिनच्या दारातल्याला बघून हसली, हा ओकत असणार म्हणाली. पाच, सहा. सुकाणूवरच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, तुमी." सातव्यावर बोट थांबलं. बोटाच्या टोकानं तिनं त्याचा खांदा चाचपला.

"हाच," ती म्हणाली. "खांदा असाच." आवाज अजून ठीक होता. "पुढं गेलेला."

तिथं थांबली असती तर सगळं जसं होतं तसंच राहिलं असतं. पण बोट निघालं तिथून, होडीच्या कडेकडेनं मागं आलं आणि सुकाणूवर पोचलं. तिनं डोळे बारीक केले.

"दादा, हा हात असा कशाला?"

म्हातारबाबा दाराशी उभे होते. एक सोपं खोटं तिथं तयार होतं, तोल सांभाळायला म्हणून. ते आता तेच बोलतील अशी माझी खात्री झाली आणि बोलायच्या आधीच मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू.

"मी त्याला जा म्हणतोय," ते म्हणाले. "दोर सोडवायला. तो आपन नाय गेला गो. मी पाठवला. जाळ्यासाठी."

बाहेर कुणीतरी रंगाचा डबा मागत होतं. ती बाई खाली बसली, भिंतीला टेकून. मला वाटलं आता ओरडेल, शिव्या घालेल, छाती पिटेल. मी उठून जावं की बसावं ते कळेना.

"त्या सकाळी मी त्याच्याशी भांडले होते," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणालाच नाही, समोर बघून. "डबा देताना. कायतरी फालतू कारण. मी बोलले, जा, परत नाय आलास तरी चालेल. मग तुमी सांगत आलात, आपनच पुढं गेला, ऐकला नाय. मी समजले माझ्यावर रागावून गेला. माझ्यामुळं जीव दिला त्यानं." तिनं श्वास घेतला. "वीस वर्षं मी हेच समजते. कोनाला सांगितलं नाय. पोरीला पन नाय."

"मना ठाव नव्हतं गो," म्हातारबाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी आधी ओळखलाच नाही. ते दारातच खाली बसले. "देवाशपथ, मना ठाव नव्हतं."

"तुमाला कसं ठाव असणार? मी बोलले नाय, तुमी बोलले नाय."

आणि मग ती रडली. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. मी तिथं बसून राहिले, रिकामा पेला हातात घेऊन. मला रडू येत नाही लवकर. त्या दिवशी आलं.

शेवटी तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली, ते एवढं मोठं चित्र एकटीनं उचललं आणि स्वतःच्या खोलीकडे निघाली. मी मदतीला पुढं झाले तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

"उद्या पूजा हाय," म्हातारबाबा खालूनच म्हणाले.

"आत करीन मी."

"मना बघायचं झालं तर?"

ती उंबऱ्यावर थांबली. वळली नाही.

"तुमी त्याला तवा बघितलंत, दादा," ती म्हणाली. "आता मी बघते." आणि दार लोटून घेतलं.